टॉवरकडे पाठ

“स्टूल हलतंय, नीट धर,” सासूबाई वरून म्हणाल्या. “आणि खिडकीसमोरून बाजूला हो.”

“दोन्ही एकदम कसं करू, आई?”

“हात लांब कर आणि तोंड तिकडं फिरव.”

मी तसं केलं. सहावा महिना लागला होता. तोंड फिरवलं तरी पोट काही फिरत नव्हतं. आई पोळ्या गुंडाळायची चंदेरी फॉइल चिकटपट्टीनं खिडकीच्या काचांवर लावत होत्या, एकेका काचेला दोन-दोन थर. तिसरा रोल संपला तेव्हा त्या खाली उतरल्या, कमरेवर हात ठेवून काम न्याहाळलं आणि म्हणाल्या, “आता जिवाला बरं वाटतंय.” भर दुपारी मला दिव्याचं बटण चाचपडावं लागलं.

हे सगळं समोरच्या टॉवरमुळं. आमचं घर गडहिंग्लजला. रस्त्यापलीकडं एक कापडदुकान आहे, त्याच्या गच्चीवर त्या दिवाळीनंतर मोबाइलचा टॉवर उभा राहिला. गल्ली खूश झाली, कारण तोवर फोन आला की माणूस रस्त्यावर पळायचा. आमच्याकडं मात्र त्या दिवसापासून घडी विस्कटली. मी समोरच्या खोलीत बसायचं नाही, गच्चीवर कपडे वाळत घालायला जायचं नाही, झोपायचं ते अगदी आतल्या, धान्याच्या कोठीच्या खोलीत. फोन तर हातातही धरायचा नाही. तो पोळ्यांच्या स्टीलच्या डब्यात, झाकण घट्ट लावून, वर वरवंटा ठेवून.

माझ्या सासूबाई कोण, हे कळल्याशिवाय यातली गंमत कळणार नाही. अख्खं गाव त्यांना मगदूमबाई म्हणतं. कन्याशाळेत पस्तीस वर्षं त्यांनी विज्ञान शिकवलं. ग्रहण आलं की गावातल्या पोटुशा बायका दारं-खिडक्या लावून, हलायचं नाही, चिरायचं नाही, खायचं नाही असं पाळत बसायच्या. बाई त्यांना घरोघरी जाऊन बोलवायच्या, शाळेच्या पटांगणात बसवायच्या, काकड्या चिरायला लावायच्या आणि भडंग खायला घालायच्या. किती सासवांनी त्यांना शिव्याशाप दिले असतील याची गणतीच नाही. सुदर्शनचं स्थळ आलं तेव्हा मी त्याच्यापेक्षा त्याच्या आईवरच जास्त भाळले होते, हे मी त्यालाही सांगितलंय. माझी आई मी कॉलेजात असतानाच गेली. अशी सासू मिळणार म्हणून मी माहेरी साताऱ्यात सगळ्यांना मिरवत सांगितलं होतं.

आणि तीच बाई मला आता कोठीच्या खोलीत कोंडत होती.

“आई, हे ग्रहणच झालं की,” मी एकदा न राहवून म्हणाले.

“ग्रहण म्हणजे सावली,” त्या म्हणाल्या. “सावलीला वॅट नसतात. याला आहेत.”

विज्ञानाचा आणि माझा संबंध दहावीला संपला, तोही दोघांच्या संमतीनं.

सुदर्शन मालवाहू जहाजावर इंजिनिअर होता. जहाज बंदराला लागलं की तिथलं कार्ड घेऊन फोन करायचा. पंधरा दिवसांतून एकदा, कधी वीस. तेवढ्या दहा मिनिटांवर मी पुढचे पंधरा दिवस काढायची. डब्याचं राज्य सुरू झालं आणि पहिल्याच आठवड्यात त्याचे अकरा फोन चुकले. डब्यातून आवाज तरी कुठून येणार? शेवटी त्यानं शेजारच्या हौसाक्काच्या फोनवर फोन केला. हौसाक्का फोन कानाला लावूनच आमच्या दारात आल्या.

“बाई, तुमचा ल्योक इचारतोय, बायको हाय का म्हायेरी गेली?”

मी फोन हिसकावलाच. दोन वाक्यं बोलले तोवर त्याची वेळ संपली. त्या दिवशी मी जेवले नाही आणि आईंनी विचारलं तेव्हा भूक नाही म्हणाले. त्यांना कळलं असणार. त्यांनी वरवंटा तेवढा काढला, झाकण तसंच ठेवलं.

पुढची बातमी त्याहून वाईट होती. आजऱ्याच्या पलीकडं जंगलातल्या एका वाडीत आईंची थोरली बहीण राहायची, अक्काताई. तिथं टॉवर नव्हता, रेंज नव्हती. दवाखाना पंचवीस किलोमीटरवर.

“बाळंतपण होईपर्यंत तिकडं राहू,” आई म्हणाल्या. “मीही येते. हवा चांगली आहे. मोर दिसतात.”

“मोर बघून मी काय करू? सुदर्शनचा फोन?”

“पत्र लिही.”

“समुद्रावर?”

मला एकदम रडू फुटलं. तीन महिने नवऱ्याचा आवाज नाही, आणि काही झालं तर पंचवीस किलोमीटर घाट. मी रडत रडत म्हणाले, “तुम्हीच सगळ्या गावाला शिकवलंत ना, आधी मोजा आणि मग बोला? मग मोजा ना तो टॉवर!”

हे वर्मी लागलं. आईंनी डोळे बारीक केले. “मोजणारच आहे. तीन अर्ज केलेत मी. उत्तर आलं नाही.” त्याच दिवशी त्यांनी चौथा अर्ज केला, वर्गातल्या फळ्यावरच्यासारख्या अक्षरात, चार पानी, आकृतीसह. “मर्यादेच्या आत निघालं तर राहू. बाहेर निघालं तर तू वाडीला आणि मी कोर्टात.”

चौथ्या अर्जाला माणूसच आला.

दूरसंचार कार्यालयातले नागेश तळवार. बुटके, घामेजलेले, खांद्यावर तीन पायांचं तिकाटणं आणि हातात सुटकेससारखी पेटी. त्यांना वाटलं असेल, म्हातारी बाई आहे, पाच मिनिटांत काटा दाखवू आणि चहा पिऊन जाऊ.

“यंत्राचं प्रमाणपत्र?” आईंनी दारातच विचारलं.

“अं?”

“हे बरोबर मोजतं कशावरून? शेवटचं कधी तपासलं?”

तळवारांनी पेटीतून कागद काढला. आईंनी तारीख वाचली, शिक्का उजेडात धरून पाहिला आणि मगच त्यांना चप्पल काढायला सांगितलं.

तोवर हौसाक्का आल्या होत्या. बोलावलं नव्हतं, पण गल्लीत काही मोजलं जातंय आणि हौसाक्का घरात बसल्यात असं कधी झालेलं नाही. लुगड्याच्या ओच्यात बटवा खोचून त्या मुकाट जिन्यावर बसल्या. त्यांचं ते मुकाट बसणं तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

सुरुवात गच्चीवरून झाली. तळवारांनी तिकाटणं उभं केलं आणि त्यावर पांढऱ्या गोळ्याचं यंत्र बसवलं.

“मर्यादा किती?” आईंनी वही उघडली.

“या टॉवरच्या लहरींना साडेचारशे मिलिवॅट, दर चौरस मीटरला. आपल्याकडं आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या दहाव्या हिश्श्यावरच ठेवलीय, बाई.”

“ते मला ठाऊक आहे. आकडा?”

“सहा.”

“सहाशे?”

“सहा.”

आईंनी चष्मा वर सरकवून स्वतः पाहिलं. “सहा मिनिटांची सरासरी घ्यायची असते. तुम्ही सहा सेकंदांत आकडा सांगताय.”

तळवारांनी माझ्याकडं दीनवाण्या नजरेनं पाहिलं. मी आभाळाकडं पाहिलं. आईंनी शाळेच्या निरोप समारंभात मिळालेलं घड्याळ काढलं आणि सहा मिनिटं आम्ही सगळे उन्हात चिडीचूप उभे राहिलो. सरासरी पाच पूर्णांक आठ आली. नंतर समोरची खिडकी, फॉइलसकट अर्धा. एका काचेची फॉइल काढून तीन. दर वेळी सहा मिनिटं. तळवारांचा शर्ट पाठीला चिकटला होता.

“आता आतली खोली,” आई म्हणाल्या. “ती झोपते तिथली. तिथं शून्य असणार.”

कोठीच्या खोलीत आम्ही दाटीवाटीनं उभे राहिलो. हौसाक्काही घुसल्या आणि यंत्राला खेटूनच उभ्या राहिल्या. तळवारांनी बटण दाबलं आणि यंत्र टूं टूं करायला लागलं. आकडा चाळीस, सत्तर, नव्वद.

आईंचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी माझा दंड धरला आणि मला खोलीबाहेर ओढलं. “बघा! बघा! इथं साठतंय ते! आणि मी हिला महिनाभर इथं झोपवलं!”

मीही घाबरले, खोटं कशाला सांगू. पण तळवारांच्या चेहऱ्यावर त्या दिवसातलं पहिलं हसू फुटलं होतं.

“फोन कोणाचा चालू आहे?” त्यांनी विचारलं.

माझा डब्यात होता. आईंचा बंद होता. तळवारांनी स्वतःचा गाडीत ठेवला होता. तेवढ्यात हौसाक्काच्या ओच्यातून बारीक आवाज आला, “अगं, काय झालं? कितीवर गेला काटा?”

“भन हाय माजी, निपाणीत,” हौसाक्का ओशाळून म्हणाल्या आणि बटव्यातून फोन काढला. “ती म्हनली, मला बी ऐकीव. सकाळधरनं लावून ठिवलाय.”

आईंनी हौसाक्काकडं जे पाहिलं, ते कन्याशाळेच्या पस्तीस तुकड्यांनी अनुभवलेलं होतं.

“थांबा, बंद करू नका,” तळवार म्हणाले. उन्हात उभं केल्याचा वचपा काढायची संधी त्यांना मिळाली होती. “बाई, या आतल्या खोलीत टॉवरचं जवळजवळ काहीच पोचत नाही. म्हणून फोनला टॉवरपर्यंत पोचायला जोर लावावा लागतो. वर्गात शेवटच्या बाकावरची मुलगी कशी ओरडून हजेरी देते, तसं. आता हा खिडकीत न्या.”

खिडकीत, फॉइल काढलेल्या काचेपाशी, यंत्राला तेवढाच खेटून फोन धरला. निपाणीची बहीण अजून बोलतच होती. आकडा आठ.

“फोनची मर्यादा निराळ्या पद्धतीनं मोजतात, तेव्हा हे आकडे लिहून घेऊ नका,” तळवार म्हणाले. आई लिहीतच होत्या. “आणि नव्वद आला म्हणूनही घाबरायचं कारण नाही, फोनसुद्धा मर्यादेतच असतो. पण कमीत कमी हवं असेल, तर सूनबाईंनी बोलायचं ते इथं बसून, टॉवर दिसेल असं. मध्ये काही नको. फॉइल नको, भिंत नको. जितकं आड येईल, तितका फोन जोर लावतो. डब्यात कोंडला तर विचारूच नका.”

पोळ्यांचा डबा स्वयंपाकघराच्या ओट्यावरून आमच्याकडं बघत होता. मी हसू दाबायला ओठ चावले.

आईंनी वहीत रेघ मारली, खाली तारीख घातली, तळवारांची सही घेतली. “तुमचं मोजमाप चोख आहे,” त्या म्हणाल्या. “मला पटलं.” मग त्यांना शिरा खायला घातला.

मी त्या दिवशी गच्चीवर जाऊन कपडे वाळत घातले, गरज नसलेलेसुद्धा.

आणि रविवारी सकाळी उठून पाहते तर माझी बॅग दारात. साड्या, गाऊन, लोकरीचा स्वेटर, सगळं घड्या घालून भरलेलं. अकरा वाजता आजऱ्याची जीप येणार होती. त्याच सकाळी सुदर्शन कोलंबोहून फोन करणार होता. त्यानंतर तीन आठवडे जहाज नुसतं पाण्यात.

“आई, हे काय?”

“निघू आपण.”

“पण मर्यादेच्या आत निघालं! खिडकीत तर दीडशे पट आत! तुम्ही सही घेतलीत!”

“घेतली.”

“पटलं म्हणालात!”

“पटलंय मला.” त्या बॅगेची चेन लावत होत्या आणि ती लागत नव्हती. “सगळं पटलंय. तरी निघू.”

माझा संताप अनावर झाला. तोवर मी त्यांना इतकं उलटून कधी बोलले नव्हते. “मग तुमच्यात आणि त्या ग्रहण पाळणाऱ्या सासवांत फरक काय राहिला? लोकांच्या सुनांना ओढून ओढून पटांगणात नेलंत, आणि स्वतःच्या सुनेला कोठीत? नुसतं ढोंग म्हणायचं का हे सगळं?”

शब्द तोंडातून गेले आणि मला लाज वाटली. आई बॅगेशेजारी जमिनीवर बसल्या. मोठमोठ्यानं बोलायची सवय असलेली बाई, पण आता आवाज इतका खाली गेला की मला वाकावं लागलं.

“ऐंशी सालच्या फेब्रुवारीत सूर्यग्रहण होतं. इथून जवळजवळ सगळा सूर्य झाकला होता. मी चोवीस वर्षांची. सातवा महिना होता मला.”

मला हे माहीत नव्हतं. सुदर्शनचा जन्म पंच्याऐंशीचा.

“शाळेत नवी लागलेली मी. मुलींना पटांगणात नेलं, पुठ्ठ्याला भोक पाडून भिंतीवर ग्रहण दाखवलं. सासूबाई नको नको म्हणत होत्या. मी मुद्दाम त्यांच्यासमोर काकडी चिरली आणि खाल्ली.” त्यांनी चेन सोडून दिली. “नऊ दिवसांनी बाळ गेलं. पोटातच. मुलगी होती.”

“आई…”

“ग्रहणानं नाही गेलं. रक्तदाब वाढला होता, डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलंय. मला तेव्हाही माहीत होतं, आजही माहीत आहे. सासूबाई मला एका शब्दानं बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर भांडता आलं असतं.”

मी त्यांच्याशेजारी बसले. बसताना त्यांनीच मला हात दिला.

“पुढच्या ग्रहणापासून मी बायका बोलवायला लागले. लोकांना वाटलं, बाई समाजसुधारणा करतेय. मी मोजत होते गं. प्रत्येकीचं बाळंतपण झालं की घरी जाऊन बाळ बघून यायची. हात, पाय, बोटं. एक्केचाळीस बायका. एक्केचाळीस बाळं, सगळी धडधाकट.”

“मग झालं की सिद्ध! मग माझ्या वेळी काय झालं?”

“त्या दुसऱ्यांच्या सुना होत्या,” आई म्हणाल्या. “त्यांच्या वेळी मला झोप लागायची.”

मी रागावले होते ते कुठल्या कुठं गेलं. मी म्हणाले, “आई, तुम्ही सांगाल तसं. जायचं तर जाऊ वाडीला.” आणि ते मी मनापासून म्हणाले होते. तेव्हा त्यांनी हो म्हटलं असतं तर मी निमूट जीपमध्ये बसले असते.

तेवढ्यात कोठीच्या खोलीत माझ्या उशाशी फोन वाजला; मोजणीनंतर तो डब्यातून सुटला होता. मी उठेपर्यंत चार-पाच घंट्या झाल्या. उचलला तर सुदर्शनचा आवाज तुकड्या-तुकड्यांनी येत होता.

“हॅलो… मेघ… ऐकू… तुझी तब्ये…”

“हॅलो! सुदर्शन! बोल ना! हॅलो!” मी धान्याच्या कणग्यांमध्ये उभी राहून किंचाळत होते. तो तिकडं किंचाळत असणार. पोटातल्यानं पण तेव्हाच लाथ मारली, आणि ते त्याला सांगायचं होतं, आणि त्याला फक्त “हॅलो” ऐकू जात होतं.

आई दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, हातातल्या फोनकडं पाहिलं.

“इथं नको,” त्या म्हणाल्या. “खिडकीत चल.”

मला हाताला धरून त्यांनी समोरच्या खोलीत नेलं. खुर्ची ओढली. काचांवर उरलेल्या फॉइलला नखं घालून ती टराटरा ओढली, सगळीच्या सगळी. खोलीत एकदम ऊन आलं आणि समोर टॉवर दिसला, लाल-पांढरा, चांगला उंच. मला खुर्चीत बसवलं. मग स्वतःसाठी स्टूल ओढलं, माझ्या आणि खिडकीच्या मधोमध ठेवलं आणि टॉवरकडे पाठ करून ताठ बसल्या.

“मेघना? आता येतोय आवाज!” सुदर्शन म्हणाला. “काय चाललंय तिकडं?”

मी फोनवर हात ठेवला. “आई, हे काय?”

“माणसाच्या अंगात साठ टक्के पाणी असतं. पाणी या लहरी शोषून घेतं. तू बोल.”

“पण तुम्हाला तर पटलंय ना?”

“पटलंय. म्हणून तर तुला खिडकीत बसवलं.” त्यांनी पदर खांद्यावरून ओढून घेतला. “मी नुसती बसलेय. बोल तू, त्याचं कार्ड संपेल.”

मी बोलले. लाथ सांगितली. तो हसला, मग नाक ओढल्याचा आवाज आला. आई माझ्यासमोर हातभर अंतरावर बसून भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडं टक लावून पाहत होत्या, जणू काही ऐकूच येत नाही. अकराला जीप आली, तेव्हा त्यांनी बसल्या जागेवरून हात हलवून ती परत पाठवली.

पुढचे तीन महिने हेच चाललं. सुदर्शनचा फोन आला की आधी स्टूल यायचं. एकदा त्या आंघोळीला गेल्या होत्या, तर ओल्या केसांनी, साबण पुरता न धुता येऊन बसल्या. हौसाक्का विचारायच्या, “बाई, हे कसलं वरत?” तर त्या म्हणायच्या, “पाठीला ऊन घेतेय.” एप्रिलमध्ये गावातल्याच दवाखान्यात आम्हाला मुलगी झाली, तीन किलो शंभर ग्रॅम. आईंनी तिची बोटं मोजली, हातांची आणि पायांची, आणि मग पुन्हा एकदा पहिल्यापासून मोजली.

एक गोष्ट मात्र मी त्यांना तेव्हा सांगितली नाही आणि आजवर सांगितलेली नाही. तळवार म्हणाले होते, फोन आणि टॉवरच्या मध्ये काही नको, जितकं आड येईल तितका फोन जोर लावतो. म्हणजे त्या बसल्या नसत्या तर माझा फोन आणखी हळू बोलला असता. हे माझ्यासारख्या दहावीत विज्ञान सोडलेल्या बाईला दुसऱ्याच दिवशी उमगलं. पस्तीस वर्षं विज्ञान शिकवलेल्या बाईंना उमगलं नसेल, असं मला वाटत नाही. त्या स्टूल ओढून बसायच्या, मी थोडी सरकून त्यांना जागा करून द्यायची आणि सुदर्शनला आज काय भाजी केली ते सांगायला लागायची.